भारी आवाजवाली बाई

१२ नोव्हेंबर २०००

विमा एजंटनं दिलेली ही डायरी वर्षभर कोरी पडून होती. आज उघडली, कारण आजची गोष्ट कारखान्यात कोणाजवळ बोललो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या रेल्वे कॉलनीत होईल.

सुशील भैयानं इथल्या, रायपूरच्या गोल बाजारात बोलावलं होतं. खाली त्याचं कॅसेटचं दुकान, वर रेकॉर्डिंगची खोली. कंपनी त्याची छोटीच, पण गोंदियापासून बिलासपूरपर्यंत भीमगीतांच्या कॅसेट तोच पुरवतो. मी पोचलो तर यशदीप आधीच येऊन बसलेला. भिलाईचा पोट्टा, तिशीही नसेल. जीन्स घालून बुद्धवंदना म्हणतो आणि ढोलकीच्या जागी बटणं दाबायचा बाजा वाजवतो. दोन वर्षांत त्याचं नाव सगळीकडे झालं. आमची पार्टी त्याच्या शाळेच्या दिवसांपासून गाऊन राहिली. मी पेटीवर, लहानू ढोलकीवर, गाणारी माझी बायको सत्यभामा. पोस्टरवर 'शामराव शहारे आणि पार्टी' असं छापतात. पार्टी मी उभी केली, चाली माझ्या, म्हणून नाव माझं.

सुशील भैया म्हणाला, "देखो भाई, राज्य नया बन गया, रायपुर राजधानी हो गई. अब वीडियो का जमाना है. मैं जयंती के बाद एक व्हीसीडी निकालूंगा, पर एक ही पार्टी की. दोनों की कैसेट साथ में निकालते हैं. जिसकी ज्यादा उठेगी, व्हीसीडी उसकी."

उठणे म्हणजे विकणे. यशदीप हसला आणि माझ्या पाया पडला. "काकाजी, तुमच्यासमोर मी काय?" म्हणाला. असं बोलणारी माणसं मी ओळखतो.

घरी येऊन भामाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्याचा आवाज चांगला आहे. गोड आहे."

मी म्हटलं, "तुले मी काय सांगून राहिलो आन् तू काय बोलून राहिली."

"ऐकून राहिले ना. गाऊ म्हणा."

१९ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग सुरू. भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत दिवसभर. भामाला लिहिता-वाचता येत नाही. मी ओळ वाचतो, ती डोळे मिटून ऐकते, की झालं, ती ओळ तिची. आठ गाणी अशी दोन दिवसांत पाठ होतात. नोकरीवर चढलेले शिकलेले गायक कागद धरून गातात, त्यांच्यापेक्षा हे बरं.

आज मात्र अडलं. ती नेहमी काळी चारच्या उंच पट्टीत गाते. वरच्या सुरावर आवाज फाटला. दोनदा, तीनदा. पाणी प्याली, खोकली, पुन्हा फाटला. मी पट्टी उतरवून काळी दोन धरली. तिथे लागला, पण आवाज वेगळाच निघाला. जाड, खरबरीत, मडक्यात बोलल्यासारखा. मला शरम वाटली. खिडकीपलीकडे सुशील भैया कानावर हेडफोन धरून बसला होता. वाटलं, आता म्हणेल उद्या या.

तो आत आला आणि म्हणाला, "भाभीजी, ये आवाज कहां छुपा के रखी थी? इसमें दम है. ऐसा ही गाओ."

भामा पदरानं तोंड पुसत होती. मी मनात म्हटलं, वय वाढलं की आवाज भारदस्त होतो. बरंच झालं.

७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर. मैदानात आमचे चार, यशदीपचे पाच गाणे झाले. मंचाखाली दोन्ही कॅसेटचे ठेले लागले होते. मी गाणं संपवून उतरलो ते सरळ ठेल्याकडे गेलो. त्याच्या ठेल्यावर गर्दी, आमच्याकडे कॉलनीतल्या चार बाया. त्याच्या कव्हरवर निळ्या आभाळात त्याचा फोटो, कुरळे केस. आमच्या कव्हरवर मी पेटीवर, भामा मागे अर्धीच दिसते. ते सुशील भैयाला सांगितलं पाहिजे.

लहानूनं सांगितलं, यशदीप आमच्या गाण्याच्या वेळी मंचाच्या कडेला उकिडवा बसून शेवटपर्यंत ऐकत होता. नक्कल करायला बसला असेल.

परत येताना रिक्षात भामा कान दाबून बसली होती. म्हणे ठणकते. थंडी लागली असेल. घरी तेल कोमट करून टाकलं.

२८ डिसेंबर

सुशील भैयाकडे जाऊन आलो. यशदीपची आमच्या दुप्पट उठली. सुशील भैया म्हणाला, "टेंशन मत लो, अभी तो शुरुआत है." मी टेंशन घेतलं. दोन वेळा जेवलो नाही. भामानं आग्रह केला नाही, तीही फारसं खात नाही हल्ली. भाकरी सोडली, नुसती तांदळाची पेज पिते. गळ्यासाठी पथ्य करते असं मला वाटतं. तिला न सांगता ते उमगतं, हे तिचं चांगलं आहे.

१४ जानेवारी २००१

आज सुट्टी होती. भिलाई-दुर्गच्या दुकानांत फिरलो. मी कोण हे सांगायचं नाही असं ठरवूनच गेलो. पावर हाऊसजवळच्या एका दुकानात यशदीपची कॅसेट मागितली. दुकानदारानं दिली आणि आपणहून म्हणाला, "ये भी ले जाओ अंकल, वो भारी आवाज वाली बाई की. लोग यही मांग रहे हैं आजकल."

मी विचारलं, "कौन बाई?"

"नाम नहीं मालूम. कोई शामराव की पार्टी है."

पुढच्या तिन्ही दुकानांत हेच. एका ठिकाणी तर संपली होती. एक स्टील प्लांटचा म्हातारा दुकानात उभा होता, तो म्हणाला, तिचा आवाज ऐकला की आपली मेलेली माय आठवते. मी त्याला चहा पाजला.

लोकलनं परत येताना सगळ्या डब्यात ओरडून सांगावंसं वाटत होतं. घरी भामा निजली होती, उन्हं असताना. उठवून सांगितलं. ती हसली. "मायसारखा?" म्हणाली. मग पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

४ फेब्रुवारी

निधीशी भांडण झालं. निधी माझी एकुलती एक पोरगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. इथे वाढलेल्या सगळ्या पोरांचं तसंच आहे.

म्हणाली, "पापा, मम्मी का वजन देखा? ब्लाउज लटक रहा है. कल पानी पीते-पीते ठसका लगा, दस मिनट खांसती रही."

मी म्हटलं, "डॉक्टरले दाखवलं ना. औषध चालू आहे."

"वो मोहल्ले का डॉक्टर है. तीन महीने से गरारे करवा रहा है. बड़े अस्पताल चलो."

बड़ा अस्पताल म्हणजे पूर्ण दिवस जातो. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आता मंत्रालय बसलं, दवाखाना दुसरीकडे, सगळं शहर कुठून कुठे हललेलं. आणि तिथे एकदा गेलं की हे तपासा, ते तपासा. गायला मनाई केली तर? दोन महिने राहिले जयंतीला. आता आम्ही बरोबरीला आलो आहोत. सुशील भैयानं स्वतः सांगितलं, थोडासाच फरक आहे.

मी भामाला समोरच विचारलं, "सांग, जायचं का दवाखान्यात?"

ती म्हणाली, "एप्रिल होऊ दे."

हे तिनं म्हटलं, मी नाही. निधी ताट सोडून उठली.

११ मार्च

पुढे गेलो. यशदीपच्या पुढे गेलो.

सुशील भैयानं कारखान्याच्या फोनवर निरोप दिला. फोरमननं मला बोलवून दिला. चाळिशी ओलांडून किती वर्षं झाली, पण आज सायकलवरून घरी येताना पोरासारखा हात सोडून चालवली. सुशील भैयाला जयंतीच्या आधी दुसरी कॅसेट पाहिजे. "जब तक बाजार गरम है," म्हणाला.

भामाला सांगितलं. तिनं विचारलं, "किती गाणे?"

"सहा फक्त."

"चार होतील माह्यानं."

"सहा कर ना भामा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी आपल्याले विचारून राहिलं."

तिनं हो म्हणून मान हलवली.

२५ मार्च

रेकॉर्डिंग संपली. एक-एक ओळ वेगळी घेतली, सुशील भैयाच्या पोरानं मशिनीवर जोडली. ओळ संपली की भामा स्टुलावर बसायची. मधे बेसिनकडे गेली. मी मागून गेलो तर थुंकीत लाल दिसलं. मी विचारलं, तर म्हणाली, "गुडाखूचं होय." दातांना ही तंबाखूची गुडाखू घासायची सवय तिला लग्नाआधीपासून आहे, इथल्या सगळ्या बायांना आहे. गुडाखू काळी असते, पण तोंडात जाऊन काय रंग होत असेल कोणास ठाऊक. जास्त विचारलं नाही.

सहाही गाणे झाले. शेवटच्या गाण्यात, जिथे रमाईचं लेकरू जाते, तिथे तिचा आवाज इतका खाली गेला, इतका घासला, की कोरसची शेवंता गाता गाता थांबली. ते तसंच ठेवलं सुशील भैयानं. म्हणाला, यही बिकेगा.

१५ एप्रिल

काल जयंती. जे झालं ते लिहितो.

राजधानी झाल्यावरची पहिली जयंती, म्हणून मोठा मंच, साहेबलोक, मंत्री येऊन गेले. आमचा नंबर यशदीपच्या नंतर लावला. शेवटी मोठा गायक असतो, म्हणजे मान आमचा. दोन गाणे छान झाले. भामानं निळी पैठणी नेसली होती, निधीनं खांद्यावर पिना मारून ती घट्ट केली होती. तिसऱ्या गाण्याचा मुखडा तिनं उचलला आणि अंतऱ्याला तोंड उघडलं तर आवाजच नाही.

मला वाटलं माइक गेला. मी हातानं माइकवाल्याला खुणावलं. तो म्हणे चालू आहे. भामा तोंड उघडून उभी. लहानूनं ठेका सोडला नाही. मी पेटीवर तीच ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. लोक गप्प झाले. एवढं मैदान इतकं गप्प झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मंचाच्या कडेनं यशदीप आला. कोणी बोलावलं नव्हतं. भामाच्या बाजूला उभा राहिला, तिच्या हातातला माइक तिच्या हातासकट धरला आणि अंतरा गायला. आमचं गाणं, माझी चाल, एकही शब्द चुकला नाही. ती त्याच्या बाजूला ओठ हलवत राहिली. लोकांना वाटलं, दोन पार्ट्या एकत्र आल्या, ठरवूनच केलं. टाळ्या थांबेनात.

मंचाच्या मागे मी त्याला म्हटलं, "आमचं स्टेज खायले तुले लाज नाही वाटली?"

तो म्हणाला, "काकाजी, काकूले पहिले दवाखान्यात न्या."

"तू आपलं पाहाय."

तो आणखी काही बोलणार होता, पण भामानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर तो तिथून निघाला. मला त्याचाही राग आला. आज सकाळी तिचा आवाज थोडा परत आला आहे, कुजबुजण्याइतका. आराम केला की येईल.

२१ एप्रिल

निधी माझ्याशी न बोलता तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. मी ड्यूटीवरून सरळ तिथे पोचलो. डॉक्टरनं डोक्याला आरसा लावून घशात पाहिलं होतं. मला बाजूला घेऊन विचारलं, आवाज कधीपासून बसला. मी म्हटलं, दिवाळीनंतर. त्यानं परत विचारलं, "दिवाली? पिछली?" मी हो म्हटलं. त्यानं कागदावर लिहिलं.

एक तुकडा काढून तपासायला पाठवला आहे.

२ मे

कॅन्सर आहे. घशात, आवाजाच्या पेटीला धरून, आणि खाली अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत. मानेतही गाठ आहे. ती गाठ मला आज दिसली. रोज समोर बसते, पदर घेते, मला आज दिसली.

डॉक्टर म्हणाला, नागपूरला न्या, मोठं ऑपरेशन करतील. पूर्ण पेटी काढावी लागेल. गळ्याला समोरून भोक ठेवतील, त्यातून श्वास.

मी विचारलं, "साहब, गाना?"

तो निधीकडे पाहून तिच्याशीच बोलला.

भामा बाहेर बाकावर बसली होती. तिला काय सांगावं हे मी ठरवत होतो, तर तीच म्हणाली, त्या फुटक्या आवाजात, "सांगू नका. मले मालूम आहे."

"कवापासून?"

ती म्हणाली, "चला, ऊन होईल."

३० मे, नागपूर

उद्या ऑपरेशन. वॉर्डात आमच्याकडची पुष्कळ माणसं आहेत, भंडारा, बालाघाट, राजनांदगाव. एका बाईनं भामाला ओळखलं. तिच्या नवऱ्यानं खिशातून आमची कॅसेट काढून दाखवली. ते लोक म्हणाले, ताई, एक ओळ तरी म्हणा. मीही म्हटलं. खरं सांगतो, मलाही ऐकायची होती. वाटलं, आजच्यानंतर नाही.

भामानं सगळ्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "ते खिडकी लावा, ऊन तोंडावर येते."

मी खिडकी लावली. मग नर्स आली, नाकात नळी घातली, मग तिला बोलता आलं नाही.

१७ जून

ते तिचं शेवटचं बोलणं होतं. हे मला आज संध्याकाळी भाजी चिरताना लक्षात आलं.

१२ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. रायपूरला परत आलो. रेडिएशनचा शेक देणं सुरू आहे, मान काळी पडली. गळ्याच्या भोकावर ओल्या जाळीचा तुकडा बांधतात, तो निधी बदलते. मी एकदा बदलायला गेलो, भामाला खोकला आला, माझ्या हातावर उडालं, मी मागे सरलो. तिनं पाहिलं. नंतर निधीनंच करायचं असं झालं. भामा ओठांनी बोलते, निधीला सगळं समजते. दोघी बसून बोलत असतात, एक हिंदीत, एक बिनआवाजाची. कधी कधी निधी हसतेसुद्धा. मी खोलीत गेलो की थांबतात असं नाही, पण मला काही कळत नाही.

सुशील भैया भेटायला आला होता. सफरचंदं आणली. जाताना अंगणात मला म्हणाला, "शामराव भैया, आप जीत गए. दूसरी वाली तो इतनी उठी कि मेरे पास माल कम पड़ गया. यशदीप बहुत पीछे है."

सहा महिन्यांपूर्वी हे ऐकलं असतं तर मी सगळा मोहल्ला जमा केला असता. आज म्हटलं, "हव."

तो म्हणाला, "व्हीसीडी बनाते हैं ना. आवाज तो रेकॉर्ड है. भाभीजी को सिर्फ होंठ हिलाना है. गले में स्कार्फ बांध देंगे, पता नहीं चलेगा. पब्लिक उनको देखना चाहती है."

मी म्हटलं, विचारतो.

१३ ऑगस्ट

विचारलं. वाटलं होतं ती रडेल किंवा रागावेल. तिनं नुसती मान हलवली, नाही. मी पुन्हा समजावलं. "लोकं तुले पाहातील भामा. आतापर्यंत कव्हरवर अर्धीच दिसत होती तू." तिनं पुन्हा मान हलवली आणि उठून मोरीवर भांडी घासायला बसली. डॉक्टरनं ओणवं व्हायची मनाई केली आहे. मी तिच्या हातातून भांडं घ्यायला गेलो, तिनं दिलं नाही.

सुशील भैयाला निरोप दिला. तो म्हणाला, कोई बात नहीं, लडकी रख लेंगे.

७ ऑक्टोबर

बागेत शूटिंग झालं म्हणे. मी गेलो नाही. लहानू गेला होता, त्याला ढोलकी घेऊन बसवलं होतं. सांगत होता, दुर्गची एक नाचणारी पोरगी होती, लिपस्टिक लावून भामाच्या आवाजावर ओठ हलवत होती. रमाईच्या गाण्यात हसत होती. कोणी थांबवलं नाही. जमलेले लोक म्हणत होते, हीच का ती भारी आवाजवाली.

२ डिसेंबर

व्हीसीडी निघाली नाही. निघणार नाही, बाजारच बसला.

सदर बाजारात फुटपाथवर एक माणूस चादरीवर तबकड्या मांडून बसला होता. एकीवर आमच्या कव्हरमधला मी दिसलो, यशदीपच्या फोटोला चिकटवलेला. विचारलं तर म्हणे एमपी-थ्री आहे, एका तबकडीत सगळ्यांचे गाणे, शंभराच्या वर. त्याच्याच डबल-स्पीकरवर लावून दाखवलं. भामाचं गाणं लागलं. मशिनीवर नाव आलं, यशदीप. पुढचं यशदीपचं, त्यावर नावच नाही. माणसाला म्हटलं, हे नाव चुकीचं आहे. तो म्हणाला, "अंकल, नाम कौन देखता है?"

सुशील भैयाकडे गेलो. दुकानात कॅसेटचे खोके परत येऊन पडलेले. आता त्यानं समोर मोबाइलचे कव्हर मांडले आहेत. किती उठल्या, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. चहा मात्र पाजला.

२३ डिसेंबर

यशदीप घरी आला होता. मी दारातच उभा राहिलो. हातात टिफिन, अंगावर फॅक्टरीची राख. उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात लोखंडाच्या भट्टीवर लागला आहे, तिथेच जवळ बीरगावला खोली घेतली. म्हणाला, "काकाजी, प्रोग्राम बंदच झाले. लोकं तबकडी लावून घेतात. काकूले पाहाले आलो."

आत घेतलं. भामा उन्हात खाटेवर होती. फार वाळली आहे. मानेत दुसऱ्या बाजूला गाठ आली, डॉक्टर आता नागपूरचं नाव घेत नाही. तिनं त्याला बसवलं, बोटानं टिफिनकडे दाखवून विचारलं, जेवला का.

"जेवलो काकू."

ती ओठांनी काहीतरी म्हणाली. मी निधीला हाक मारायला निघालो, तोवर तो म्हणाला, "हो, आईच करते अजून. तिचे डोळे गेले, पण करते."

पुन्हा ओठ हलले. तो म्हणाला, "लग्नाचं पाहून राहिले. आता भट्टीवाल्याले कोण देते पोरगी?"

ती हसली. आवाज नाही, खांदे हलले.

मी उंबऱ्यात उभा राहून पाहत होतो. मला एक अक्षर कळलं नव्हतं, आणि हा परका पोट्टा तिच्याशी गप्पा करत होता. तो निघाला तेव्हा सायकलपर्यंत गेलो. विचारलं, "तुले कसं समजते रे?"

तो जरा बावरला. म्हणाला, "काकू गाताना मी नेहमी तिच्या तोंडाकडेच पाहत होतो. शब्द कुठे श्वास घेतात, ते शिकायले. तुम्ही कुठे पाहत होते?"

असं टोचून नव्हता बोलला. खरंच विचारत होता. मी पेटीकडे पाहत होतो. आणि समोर लोकांकडे.

२० जानेवारी २००२

आज रविवार. निधी लायब्ररीत गेली होती. सकाळपासून आम्ही दोघंच. भामाला पेज गाळून नळीतून दिली, हे आता मी शिकलो. गळ्याची जाळीही मी बदलली. या वेळी मागे सरलो नाही. ती डोळे मिटून होती.

नंतर खाट उन्हात ओढली, बाजूला बसलो. बाजूच्या क्वार्टरात कोणीतरी तिचीच कॅसेट लावली. पहिली, काळी दोनवाली. मी उठून बंद करायला सांगणार होतो, तिनं माझा हात धरला, बस म्हणून. गाणं संपलं. त्या घरातल्या बाईनं कॅसेट पलटली नाही, कामाला लागली असेल.

मी विचारलं. गेले कितीतरी महिने विचारायचं होतं. म्हटलं, "भामा, तुले दिवाळीतच समजलं होतं ना? काहून नाही सांगितलं मले? मी तुले गाऊ दिलं असतं का?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे सरळ पाहिलं. ओठ हलले. चार-पाच शब्द असतील. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, अगदी नीट पाहत होतो. समजलं नाही.

म्हटलं, "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, जसं मी तिला ओळ द्यायचो तसं तुकडे करून. एक शब्द 'तुम्ही' असावा. किंवा 'तुमचं'. बाकी नाही. भोकातून श्वासाचा आवाज येत होता, तेवढाच. एवढ्यानं ती दमली.

तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. मी मान हलवली. म्हटलं, "हो. हो, भामा."

तिनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मला समजलं असं तिला वाटलं असावं. हात सोडला आणि तोंड उन्हाकडे केलं.

निधी दुपारी आली. आई झोपली होती. उठल्यावर निधीला विचारायला लावता आलं असतं, पण मग भामाला कळलं असतं की मी नुसताच हो म्हणालो. विचारलं नाही.

ती काय म्हणाली, मला माहीत नाही. मी हो म्हणून बसलो आहे.